मुका मार

(दृश्य : तिन्हीसांजेचा निपाणी-संकेश्वर पट्टा, उसाच्या ट्रॉल्या)

गाळप हंगामात या रस्त्यांवर अंधार पडता पडता ट्रॉल्या निघतात. ऊस बाहेर लोंबतोय, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. दुचाकीवाला जाऊन आदळतो, हँडल पोटात बसतं. तरी उठतो, कपडे झटकतो. "काय नाही, मुका मार हाय."

हा मुका मारच घात करतो. कातडी शाबूत, आणि आत प्लीहा म्हणजे पानथरी फुटलेली, यकृत चिरलेलं, आतडं फाटलेलं. अंगात साधारण 5 लिटर रक्त. त्यातलं दीड लिटर पोटात साठेपर्यंत तरुण माणसाचं बीपी तग धरू शकतं. त्याआधी नाडी धावते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात.

(दृश्य : अपघात विभाग, सोनोग्राफी)

पोटात रक्त आहे का, हे काही मिनिटांत कळतं. बीपी टिकून असेल तर सीटी स्कॅन. कितीतरी पानथऱ्या नुसत्या देखरेखीवर भरून येतात. बीपी कोसळत असेल तर थेट थिएटर.

पोट उघडलं की चारी बाजूंनी पॅड दाबून भरतात. पानथरी काढतात. यकृताचं रक्त थांबेना, तर त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमट्यात धरतात. ही युक्ती ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी 1908 साली मांडली. फाटलेलं आतडं नुसतं बंद करतात, जोडत बसत नाहीत. कारण अंग गार पडलेलं, रक्तात आम्ल वाढलेलं, रक्त गोठेनासं झालेलं. अशा वेळी सुबक, लांबलचक ऑपरेशनच जीव घेतं. म्हणून पॅड आतच ठेवून, पोट न शिवता झाकून रुग्णाला आयसीयूत नेतात. ऊब, रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट्स देतात. उरलेलं काम बहुधा 24 ते 48 तासांनी.

(दृश्य : बाहेरचा बाक)

खानापूर, चिकोडीहून धावत आलेली माणसं हे ऐकून हादरतात. "पोट उघडंच ठेवलंय? म्हणजे आशा सोडली काय, डॉक्टर?" नाही. आशा आहे म्हणूनच थांबलेत. हे कुणीतरी त्यांच्याजवळ बसून, मराठीत नाहीतर कन्नडात, ज्याला जी कळते त्या भाषेत सांगायलाच हवं. सहीच्या कागदाइतकंच ते गरजेचं आहे.

पानथरी गेलेल्याला न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्ध लशी देतात. पुढं साधा ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि पानथरी काढलीय हे आधी सांगायचं.