पोटाचा घेर आणि नऊ वर्षांचा उशीर

माझ्या हातात ही शिंप्याची टेप आहे. पंचवीस वर्षं मी मधुमेहाचे रुग्ण तपासते आहे, आणि स्टेथोस्कोपच्या खालोखाल मला रोज लागते ती हीच. वजनकाट्याचा नंबर तिच्यानंतर. लठ्ठपणावर बोलायला तुम्ही बोलावलंत, तर सुरुवात हिच्यापासूनच करते.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. वय ५२, बँकेतली नोकरी. मी म्हटलं, पोट वाढलंय. ते म्हणाले, "नाही हो मॅडम, कॉलेजपासून माझ्या पँटचा नंबर ३४ आहे." खोटं नव्हतं ते. पट्ट्याचं भोकसुद्धा तेच होतं. फक्त पट्टा वर्षानुवर्षं खाली सरकत ओटीपोटाच्या खाली गेला होता आणि पोट त्याच्यावर ओथंबलं होतं. टेप लावली तर १०४ सेंटीमीटर, म्हणजे ४१ इंच.

टेप कुठे लावायची ते नीट पाहून घ्या. बाजूने हात फिरवत शेवटची बरगडी चाचपायची, मग कमरेचं हाड चाचपायचं. दोन्हींच्या बरोबर मधे टेप धरायची आणि श्वास सहज सोडायचा. पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर गेला किंवा बाईचा ८० च्या वर गेला की डॉक्टरकडे जायची वेळ झाली. इंचांत सांगायचं तर पुरुषांना साडेपस्तीस, बायकांना साडेएकतीस. बीएमआयचं म्हणाल तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. आपल्याकडे २३ पासून सावध व्हायचं आणि २५ पासून त्याला लठ्ठपणा म्हणायचं. युरोप-अमेरिकेत ही रेघ ३० वर आहे.

आपली रेघ खाली का, याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघे सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने शाबूत. शेतात राबणाऱ्या बारीक आयांची बाळं होती ही. आपली ही ठेवण आईच्या पोटातूनच येते, ती कुणाच्या आळसातून आलेली नाही.

पूर्वी घरात धान्याची कणगी असायची. कातडीखालची चरबी म्हणजे ती कणगी. जास्तीचं अन्न तिथे साठतं, आणि तिथे असतं तोवर फारसं बिघडवत नाही. आपल्या लोकांची कणगी लहान. ती लवकर भरते, मग पोती माजघरात येतात, तिथून चुलीशेजारी आणि देवघरात. शरीरातलं माजघर म्हणजे यकृत, स्वादुपिंड, आतड्यांभोवतीची जागा. तिथे चरबी साठली की इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, कुणी दाद देत नाही. स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्शुलिन काढून वर्षानुवर्षं रेटत राहतं. या काळात साखरेचा रिपोर्ट स्वच्छ असतो आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. स्वादुपिंड दमलं की मगच साखर वर येते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात बीएमआयने लठ्ठ ठरले २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराने ३९.५ टक्के. या दोन आकड्यांच्या मधली माणसं आरशात स्वतःला धडधाकट दिसतात.

यकृताबद्दल थोडं थांबून बोलते, कारण तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी होते, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. घरचे म्हणतात, हे तर सगळ्यांनाच असतं. सगळ्यांना असतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. त्यातल्या काहींच्या यकृताला सूज येते, सुजेचे व्रण होतात आणि दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाला सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं. हा बिघाड सुरुवातीला परत फिरतो. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरलं तर सूज ओसरते. व्रण घट्ट झाल्यावर मात्र आमच्या हातात फार थोडं उरतं.

दुसरी गोष्ट घोरण्याची. तक्रार नवऱ्याच्या वतीने बायको सांगते: "रात्री घोरतात, मधेच एकदम गप्प होतात, मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात." ते गप्प होणं म्हणजे श्वास बंद पडणं. मानेतल्या आणि जिभेतल्या चरबीने वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा करतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी डोकं जड, दुपारी खुर्चीत डुलकी, आणि तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब हटत नाही. असा माणूस हायवेवर गाडी चालवत असेल तर त्याने पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.

गुडघे, हृदय, मूत्रपिंड हे तुम्हाला ठाऊक आहे. कर्करोगाचं फारसं ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांचा वाढलेल्या चरबीशी संबंध नोंदवला. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा आहे, मोठ्या आतड्याचा आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचाही आहे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते 'उष्णतेचं' समजून घरी बसू नका.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या चुकीची आहे. पंधरा वर्षांपूर्वी एक बाई आल्या. वय ३६, वजन ९१ किलो, पाळी अनियमित, मानेवर काळसर मखमली घडी. ही घडी मळाची नसते, कितीही घासली तरी जात नाही. ती इन्शुलिन वाढल्याची खूण असते. बाहेर रांग होती. मी म्हटलं, "तोंडावर ताबा ठेवा, वीस किलो उतरवा आणि मग या." त्या मान हलवून गेल्या. नऊ वर्षांनी आल्या तेव्हा साखर ३१० होती, डोळ्याच्या पडद्यावर रक्त सांडलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती. मी विचारलं, "मधे का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "वजन उतरल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ?"

ती नऊ वर्षं माझ्या एका वाक्याने गेली. इलाज नाही म्हणून नव्हे, शरमेने.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात स्थूलतेची कारणं दिली आहेत. जड-गोड खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं, आणि शेवटी 'बीजस्वभाव'. अनुवंश तिथेही नोंदवलेला आहे. आणि आज आपल्याला हेही कळलं आहे की वजन उतरलं की शरीर ते परत आणायला धडपडतं. भुकेचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं कमी होतात, आणि वर्षभरानंतरही ती मूळ जागी येत नाहीत. ज्याचं वजन उतरून परत चढलं त्याला 'मन कच्चं' म्हणणं हा अन्याय आहे.

मग यायचं कधी? घेर रेघेपलीकडे गेला की. बीएमआय २३ ते २५ असेल पण आई-वडिलांना मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, मानेवर ती घडी असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तरी या. एक जिना चढताना धाप लागते तेव्हा या. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि गोंडस दिसतो म्हणून थांबू नका. वजन काही महिन्यांत अचानक वाढलं असेल तर थायरॉइड पाहावं लागतं, आणि गुडघ्यासाठी कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर त्या बरोबर आणा. त्यांत स्टेरॉइड सापडतं.

आल्यावर वीस किलो कुणी मागणार नाही. ८० किलोच्या माणसाने ४ किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब हलतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. खाण्याचा हिशेब मी तेलाच्या कॅनपासून मांडते. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. ते ३ लिटरवर आणलं तर माणशी रोज एका मोठ्या पोळीहून जास्त कॅलरी वाचतात, आणि कुणाच्या ताटातलं काही काढून घ्यावं लागत नाही. त्याच्या जोडीला वाटीभर उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास यात धरू नका.

काहींना एवढ्याने पुरत नाही, आणि त्यांना औषध मागायचा हक्क आहे. वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळताहेत. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या जोडीने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणून लग्नाच्या आधी तीन महिने, मैत्रिणीने सांगितलं म्हणून, असं ते घ्यायचं नाही. मळमळ, उलट्या होतात, स्नायूही घटतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, गरोदरपणात तर चालतच नाही. बीएमआय बराच वर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. आशियाई लोकांत, मधुमेह आटोक्यात येत नसेल तर तो २७.५ पासूनही होतो. ती सौंदर्यासाठी नसते. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर कमी आढळला.

त्या बाई अजून माझ्याकडे येतात. ९६ वर गेलेलं वजन ८४ आहे, इन्शुलिनची इंजेक्शनं बंद आहेत. डाव्या डोळ्याने मात्र त्यांना नीट दिसत नाही.

प्रश्न लिहून द्या, मी घेते. तोवर शेजारच्या खोलीत सिस्टर टेप घेऊन बसल्या आहेत, बायकांसाठी पडद्यामागे सोय आहे. एका वेळी एकच जण आत जा. आकडा तुम्हाला चिठ्ठीवर लिहून मिळेल, मोठ्याने कुणी वाचणार नाही.