माझा खाऊ कुठाय?

(दृश्य: फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहराचा धक्का, पहाट. सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची खोकी.)

बोट सुटायला अजून अर्धा तास आहे. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या हाताशी एक खोकं आहे. प्लॅस्टिकच्या सुतळीने करकचून आवळलेलं, वर मार्करने लिहिलेलं नाव. कपड्यांची बॅग कुठेही टाकतील, पण हे खोकं नजरेआड होऊ देणार नाहीत.

खोक्यात आहे पासालुबोंग. तगालोग भाषेत 'सालुबोंग' म्हणजे सामोरं जाऊन भेटणं. बाहेरगावाहून परतताना घरच्यांसाठी जे न्यायचं, ते पासालुबोंग. आपल्याकडे यासाठी दोनच अक्षरं आहेत: खाऊ. आपली पोरं आल्या आल्या पिशवीत डोकावतात, तशी इथलीही दारातच विचारतात, "नासान आंग पासालुबोंग को?" माझा खाऊ कुठाय?

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटं. माहेर एका बेटावर, नोकरी दुसऱ्यावर, शिक्षण तिसऱ्यावर. त्यामुळे इथली मिठाई करतानाच विचार असतो तो प्रवासाचा. हिला समुद्र ओलांडायचाय. खाणारा आत्ता इथे नाहीये.

(दृश्य: तवा. हातांचा क्लोजअप.)

बाकोलोद ज्या नेग्रोस बेटावर आहे, ते बेट उसाचं. इथला खाऊ म्हणजे पियाया. मैद्याची लाटी, तिच्यात चमचाभर मुस्कोवाडो, म्हणजे मळी न काढलेली तपकिरी साखर. आपल्या गुळाची अगदी जवळची नातलग. लाटी बंद करायची, हलक्या हाताने चपटी लाटायची, वरून तीळ दाबायचे आणि कोरड्या तव्यावर भाजायची. आत साखर पाघळते, बाहेर तीळ तडतडतात. नीट बघा, ही गूळपोळीच आहे. आपण तीळ आत घालतो, यांनी तो बाहेर काढलाय, एवढंच! नावातला 'पिया' हा चिनी होक्किएन भाषेतला, भाजलेल्या वडीचा किंवा बिस्किटाचा शब्द.

पियाया घ्यावी ती बाकोलोदला किंवा शेजारच्या सिलाय गावात. सिलायमध्ये डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्या बायका असत, त्यांना म्हणतात मानुगलिबोद. मनिलाच्या मॉलमध्येही पियायाचं पाकीट मिळतं. पण तव्यावरून उतरताना बघून घेतलेली पियाया वेगळीच.

या साखरेची गोडी सांगताना ऊस तोडणारे हात वगळता येणार नाहीत. त्यांना इथे साकादा म्हणतात. हंगामात शेजारच्या पनाय बेटावरून हे मजूर यायचे, जसे आपल्या बीडकडून कोयते निघतात. तोडणी संपली की पुढच्या हंगामापर्यंत काम नाही. त्या महिन्यांचं स्पॅनिश नाव आजही चालतं: तिएम्पो मुएर्तो. मेलेला काळ. 1980 च्या दशकाच्या मध्यात जगाच्या बाजारात साखरेचे भाव कोसळले आणि 1985 च्या सुमारास याच हिरव्यागार बेटावर मुलं भुकेने खंगली. सभोवती ऊस, आणि घरात भाताचा दाणा नाही. पियायाचा घास घेताना हेही आठवायला हवं.

(दृश्य: बोहोल. लाल कागद चिकटवलेल्या करवंट्या.)

बोहोल बेटावरचा खाऊ कालामाय. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि तपकिरी साखर मोठ्या कढईत तासन्तास ढवळायची. हात थांबला की तळाला लागलंच. आपल्या गोव्यातलं दोदोल ज्यांनी खाल्लंय, त्यांना पहिल्या घासातच ओळख पटेल. आणि दक्षिणेकडे मिंदानाओ बेटावरचे मारानाओ लोक त्यांच्या अशाच पदार्थाला म्हणतात, दोदोल!

आता बांधणी बघा. घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या. आत गरम कालामाय भरायचं, एकीवर दुसरी बसवायची आणि सांध्यावर लाल कागदाची पट्टी चिकटवायची. ना डबा, ना झाकण. ज्या नारळाचं दूध काढलं, त्याच जातीच्या करवंटीत तो पदार्थ बोटीवर चढतो.

(दृश्य: सान मिगेल, बुलाकान. कात्री, पातळ रंगीत कागद.)

आणि इथे जरा थांबूया. लुझोन बेटावर बुलाकान प्रांतातलं सान मिगेल हे गाव पास्तियासचं. म्हशीचं दूध आणि साखर आटवून केलेली करंगळीएवढी, पांढरी, मऊ वळी. आपला पेढाच, फक्त तांबूस न होऊ दिलेला. पण जीव रंगतो तो तिच्या कागदात. कागदाला घडी घालायची, छोट्या कात्रीने नक्षी कापायची. उलगडलं की बांबूचं घर दिसतं, फुलं दिसतात, कधी 'माबुहाय' ही अक्षरं: स्वागत असो. एका टोकाला पास्तियास गुंडाळायची, दुसरं टोक जाळीदार शेपटीसारखं लोंबतं. सणाला अशा पास्तियासनीच टेबल सजायचं. या नक्षीला म्हणतात पाबालात. एका घासाची मिठाई, आणि तिच्यासाठी एवढी कात्री चालवायची! आता ही कला येणारे हात मोजके उरलेत. दुकानातली बहुतेक पास्तियास साध्या पांढऱ्या कागदात येते. म्हणून सान मिगेलला गेलात आणि नक्षीची मिळाली, तर ती घ्या. चार पैसे जास्त पडले तरी घ्या.

सगळंच काही टिकत नाही. लागुना प्रांतात लोस बान्योसच्या रस्त्यावर बसमध्ये गरमागरम बुको पाय येतो, कोवळ्या शहाळ्याची मलई भरलेला. तो त्याच दिवशी संपवायचा. भारतात परतणाऱ्यांसाठी सेबूचे सुकवलेले आंबे बरे. बागियो शहरात गुड शेफर्ड कॉन्व्हेंटच्या नन्स उबेचा जांभळा मुरंबा विकतात आणि त्या पैशातून डोंगरी भागातल्या मुलांना शिकवतात. उबे म्हणजे आपलं कोनफळ. त्याची बाटली मात्र विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत जाईल. सामानात टाका, टॉवेलात गुंडाळून.

(दृश्य: पनाय बेटावरचं इलोइलो शहर. एका घराचं दार.)

बाकोलोदहून सुटलेली ती बोट तासा-दीड तासात पलीकडे लागली. खोकं आता लोलाच्या, म्हणजे आजीच्या, पुढ्यात आहे. नातवाने कात्री आणून दिली, तिने ती बाजूला ठेवली. नखाने गाठ सोडवली, सुतळी बोटांभोवती गुंडाळली आणि पुढच्या खेपेसाठी खणात टाकली. मग पियायाचं पाकीट उघडलं, मोजून एक बाजूला काढली, अजून शाळेतून न आलेल्या नातीसाठी.