न कापता मेंदूचं ऑपरेशन, पण फिटसाठी?

नमस्कार मंडळी, इंदूरच्या सगळ्या मराठी श्रोत्यांना नमस्कार. आज बोलू या फिटबद्दल, म्हणजे अपस्मार, इकडे मिरगी म्हणतात तोच.

दवाखान्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, आता आवाजाच्या लहरींनी मेंदूचं ऑपरेशन करतात म्हणे, मग पोराच्या गोळ्या बंद करू का?" नाही हो, गोळ्या बंद करायच्या नाहीत! पण मशीन भारी आहे, ते ऐका.

डोकं पूर्ण भादरतात, कवटीला स्क्रूने फ्रेम बसवतात, वर हेल्मेट, त्यात आवाजाच्या लहरी सोडणारे १०२४ छोटे ट्रान्सड्यूसर, मधे गार पाणी फिरत असतं नाहीतर कवटी तापेल, आणि हे सगळं एमआरआयच्या आत, पेशंट बहुतेक वेळा जागाच. एकटी लहर काही करत नाही, पण सगळ्या एका जागी भेटल्या की तिथलं तापमान ५५-६० अंशांवर जातं आणि तेवढाच ठिपका जळतो. हात थरथरण्याच्या आजारासाठी अमेरिकेत याला २०१६ मध्येच मंजुरी मिळाली.

फिटसाठी मात्र अजून ट्रायलच चालू आहेत. कारण कवटी. मेंदूच्या मधोमध नेम छान बसतो, कडेला गेलं की हाड तिरपं लागतं आणि लहरी नीट एकवटत नाहीत. आणि मोठ्या माणसांत औषधाला न जुमानणारी फिट बऱ्याचदा निघते टेम्पोरल लोबमधून, कानाच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी कडेलाच, घ्या! म्हणून सध्या खोलवरच्या जागा धरतात, थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमधचा भाग, किंवा त्याच्या खालच्या हायपोथॅलॅमसमधली जन्मजात गाठ, जिच्यामुळे काही मुलं कारण नसताना हसत सुटतात, आणि घरच्यांना कळतही नाही की ही फिट आहे. कमी ताकदीच्या, न जाळता मेंदू शांत करणाऱ्या लहरींवरही काम चाललंय.

आता माझं स्पष्ट मत. औषधाला दाद देत नाही कधी म्हणायचं, तर नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नाही तेव्हा. साधारण तिघांतल्या एकाचं असं होतं. नवरात्राच्या उपासात गोळी राहिली, रात्री दोनपर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत जागरण झालं आणि सकाळी फिट आली, तर त्यात औषधाचा काय दोष?

आणि खरंच दाद देत नसेल तर मशीनची वाट बघत वर्षं घालवू नका. नेहमीचं, कवटी उघडून करायचं ऑपरेशन आपल्या देशात कधीचं होतंय, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये १९९५ पासून, आणि टेम्पोरल लोबच्या नीट निवडलेल्या पेशंटांत निम्म्याहून जास्त लोकांच्या मोठ्या फिट थांबतात. आधी न्यूरोलॉजिस्टला व्हिडिओ ईईजीबद्दल विचारा, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख आणि पेशंटचं शूटिंग एकाच वेळी घेणारी तपासणी. आणि घरात फिट आली तर कांदा-जोडा हुंगवत बसू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर सरळ हॉस्पिटल, आणि दुसरं कोणी असेल तर त्याला मोबाईलवर शूट करायला सांगा, डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त कामाला येतो.