पंढरपूरची छोटी गाडी

हा रूळ बघा. दोन पट्ट्यांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. याच रुळावरून आपल्याला कुर्डुवाडीहून पंढरपूरला मॉडेलची गाडी न्यायची आहे.

या मार्गावरच्या बार्शी लाइट रेल्वेचा गेज, म्हणजे रुळाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, होता अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणून १:८७ या प्रमाणात मॉडेल करायला घेतलं, की तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ चपखल बसतो. माथेरानची लाइन दोन फुटी. तिथे हे गणित जुळत नाही.

आता इंजिन निवडायचं का? नाही, आधी साल. स्टीम, डिझेल, सगळ्या काळातले डबे एकाच रुळावर उभे केले की दुकानाचं शोकेस होतं, लाइन होत नाही. आपण १९१० च्या आसपास थांबू. पंढरपूरला रूळ पोचले १९०६ साली, आणि पुढे मिरजेपर्यंत जायला १९२७ उजाडलं. मधली वीसेक वर्षं पंढरपूर हे त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन होतं. मॉडेल करणाऱ्याला शेवटचं स्टेशन म्हणजे पर्वणीच! गाडी येते, इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. एवढ्याशा जागेत बघण्यासारखं किती घडतं!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही लाइन एका अटीवर आखली: कोणत्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार कमी, म्हणून रूळ हलके. रूळ हलके, म्हणून खर्च कमी. पण ताकद कुठून आणायची? त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्यातून टाकीचं, म्हणजे पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारं इंजिन आलं. जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे दोन ॲक्सलची बोगी (डबा नव्हे, वळणावर फिरणारा चाकांचा सांगाडा). सगळं वजन सहा ॲक्सलवर वाटलेलं, तरी सहाही पाच टनांच्या आत. मला तर यातच या लाइनचं सारं सौंदर्य दिसतं. शिवाय टाकीचं इंजिन उलटंही चालतं, त्यामुळे आपल्या टेबलावर टर्नटेबलची, म्हणजे इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीची जागा वाचते.

मॉडेलमध्ये मात्र ही आठ चाकंच त्रास देतात. वळण आवळलं की ताठ चासी (चाकं बसवलेला खालचा सांगाडा) अडकते आणि चाक रुळावर चढतं. जवळून बघा: मधल्या दोन ॲक्सलना मी किंचित आडवी हालचाल ठेवली आहे. बोटाने ढकललं की चाक अर्धा मिलिमीटर सरकतं. तेवढं पुरतं. खाली एन गेजची, म्हणजे याहून छोट्या प्रमाणातल्या मॉडेलची चासी आहे, कारण तीही ९ मिलिमीटरवरच चालते. वरची बॉडी पितळी पत्र्याची. चासी घेताना वेग बघू नका. मुंगीच्या चालीने, न अडखळता चालते का, ते बघा.

डब्यांची निवड सोपी, फक्त मोजमाप पाळायचं. मालडबे २५ फुटी, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेनऊ सेंटिमीटर. प्रवासी डबे ४० फुटी, म्हणजे १४ सेंटिमीटर. रुंदी दोन्हींची सात फूट. तीन प्रवासी डबे, दोन मालडबे, शेवटी गार्डचा डबा. इंजिनासकट गाडी पाऊण मीटरच्या थोडी पुढे जाते. चौथा प्रवासी डबा जोडावासा वाटतोच. पण शेजारचा रूळ मीटरभराचा आहे, आणि डबे तिथे मावले नाहीत तर इंजिन सुटून मागे येणार कसं?

आषाढीची गोष्ट वेगळी. वारीला लोटणारी गर्दी मालडब्यांत बसवूनही नेत असत. म्हणून दोन मालडब्यांची दारं मी उघडी ठेवली आहेत. आत सात-आठ माणसं, एकाच्या खांद्यावर पताका.

आता कंट्रोलरची घुंडी हळूच फिरवतो. इंजिन सुटलं. पाण्याच्या टाकीपाशी थांबलं. मागे आलं... आणि कपलिंग लागलं.