सहा-सहाची मोजणी

कंदांच्या राशीपाशी दोन पुरुष वाकतात. प्रत्येक जण तीन कंद उचलतो, चार पावले चालून ते नव्या जागी ठेवतो आणि आकडा मोठ्याने पुकारला जातो. दोघांचे मिळून सहा कंद झाले, की मोजणीचा एक फेरा पुरा झाला. आपल्या कोकणात कोनफळ म्हणून ओळखला जातो, त्याच जातकुळीतला हा कंद. इथल्या माणसांचे मुख्य अन्न.

हा प्रदेश न्यू गिनी बेटाच्या दक्षिणेचा. पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशिया यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना याम कुळातल्या भाषा बोलल्या जातात. या भागातल्या भाषांना सरसकट दिले जाणारे ‘पापुअन’ हे नाव केवळ भौगोलिक सोयीचे आहे. त्याखाली येणाऱ्या कित्येक कुळांचे एकमेकांशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि याम हे त्यांतले एक छोटे कूळ. नेन ही बिमादेबन गावची भाषा, न्कोल्म्पू सीमेपलीकडची, इंडोनेशियातली, तर राउकू आणि आसपासच्या वस्त्यांतली कोम्न्झो बोलणारे जेमतेम अडीचशे.

पण या अडीचशे माणसांच्या भाषेत सहाला निबो, छत्तीसला फ्ता, 216 ला तारुबा, 1,296 ला दामनो, 7,776 ला वॅरॅमॅका आणि 46,656 ला वि असे स्वतंत्र शब्द आहेत. सहाचा सहावा घात सांगणारा अखंड शब्द ज्या भाषेत आहे, तिला ‘आदिम’ म्हणण्याची सवय आपण सोडून द्यायला हवी.

क्रियापदांची रचनाही अशीच विलक्षण आहे. संस्कृतप्रमाणे इथे द्विवचन आहे, मात्र ते एकाच प्रत्ययात सापडत नाही. शब्दाचा एक भाग ‘एक की अधिक’ एवढेच सांगतो, दुसरा ‘दोन की दोन नव्हेत’ एवढेच. ‘अधिक’ आणि ‘दोन नव्हेत’ हे दोन्ही एकत्र ऐकल्यावरच बोलणे अनेकांविषयी आहे, हे ऐकणाऱ्याला कळते.

इथल्या रिवाजाप्रमाणे मुलगी बाहेरच्या गावात दिली जाते आणि बदल्यात तिकडची मुलगी सून होऊन येते. त्यामुळे आईची भाषा एक आणि वडिलांची दुसरी, हे अनेक घरांत नेहमीचेच. मुले दोन्ही बोलत वाढतात.

रोजच्या हिशेबात आता इंग्रजी आकडे शिरले आहेत. कंद मोजायचे असले, की मात्र दोघे जण पुन्हा राशीपाशी वाकतात आणि तीन-तीन उचलतात.