खेळ सोपे झाले, की नुसते सुटसुटीत?

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीला गावी आलेली मुंबईची पोरं जागरणाच्या रात्री मोबाइल काढून बसली, की ओटीवरून कुणीतरी टोमणा मारतंच, 'हल्लीच्या खेळांत डोक्याला काम कुठाय? नुसतं बोट फिरवायचं.' आणि लगेच पत्त्यांतल्या तीनशे चारचा डाव मांडायला सांगितलं जातं. या टोमण्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

तीनशे चारचंच बघा. बत्तीस पानं, चार भिडू. गुण असे: गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. सत्ती-अठ्ठीला काही नाही. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. हे पाठ व्हायला पाच मिनिटं खूप झाली. कस लागतो तो हातात फक्त पहिली चार पानं असताना बोली करताना. नियम थोडे आणि निर्णय अवघड, असा हा खेळ. त्यामुळे नियम किती यावरून खेळ सोपा की कठीण हे ठरवूच नये.

काही ठिकाणी तर नियम कमी झाले ते बरंच झालं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवर आणि कल्पनेवर चालणारा खेळ १९७४ पासून आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा लहान, अगदी शून्याच्याही खाली. वार लागला का हे काढायला दर खेपेला वजाबाकी. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हे उलटवलं: भक्कम चिलखताला मोठा आकडा, फासा टाका, बेरीज करा, तेवढे झाले तर लागला. हिशेब हलका झाला. लढावं की पळावं हा पेच होता तसाच राहिला.

नुकसान झालं ते वेगळ्याच जागी. 'मॉरोविंड' या २००२ च्या व्हिडिओ गेममध्ये वाट विचारली की समोरचं पात्र शब्दांत सांगायचं: अमुक पूल ओलांडा, मग डावीकडे वळा. चुकलात तर भटका. त्याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर ठिकाण दाखवणारा बाण आला आणि खेळणारा डोंगर, ओढा सोडून बाणाकडे बघायला लागला. आता कुणी म्हणेल, बाण बंद करून खेळा. तसं करून भागत नाही. गेम बाणाच्या भरवशावर रचलेला असला की पात्रं वाट सांगतच नाहीत. बाण बंद केलात की अडकलात. म्हणून आधी सेटिंगमध्ये बघायचं. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'त खुणांशिवाय शोधत फिरायचा वेगळा प्रकार दिलेला आहे, आणि तिथे ठिकाणाचं वर्णन शब्दांत मिळतं. असं काही असेल तर जरूर निवडा.

मोबाइलवरच्या फुकट खेळांबद्दल मात्र ओटीवरच्या मंडळींचं म्हणणं मला पटतं. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव. ते संपले की अर्ध्या तासाला एक परत मिळतो, नाहीतर पैसे मोजा. इथे हुशारीपेक्षा धीराची परीक्षा, आणि खिशाची.

बाकी सगळेच खेळ बाळबोध झाले म्हणावं, तर २०१७ च्या 'ग्लूमहेवन' या पटावरच्या खेळाची पेटी जवळपास दहा किलोची आहे. ती पुरी करायला महिने जातात.

आणि डोक्याला खुराकच हवा असेल तर आपल्या सावंतवाडीची गंजिफा आहे, तीही पत्त्यांचाच खेळ. दशावतारी गंजिफेत १० रंग, १२० पानं: प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. हाताने रंगवलेला संच महाग पडतो, म्हणून सरावासाठी घरगुती युक्ती सांगतो.

पाठ सारखी असलेले दोन कॅट घ्या. प्लॅस्टिकचे बरे, पावसाळ्यात कागदी पानं दमट होऊन चिकटतात. आठही गुलाम काढा. उरली ९६ पानं, तिघांना प्रत्येकी ३२. एका कॅटच्या पानांवर पर्मनंट मार्करने ठिपका द्या. साध्या पेनाची शाई पुसते. ठिपका समोरासमोरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवा, नाहीतर पान उलटं धरलं की दिसत नाही. ठिपक्याचा बदाम आणि साधा बदाम हे वेगळे रंग, असे एकूण आठ. साध्या रंगांत राजा, राणी, मग दश्शीपासून खाली एक्क्यापर्यंत. ठिपक्याच्या रंगांत राजा, राणी, मग एक्का, दुर्री, तिर्री, सगळ्यांत हलकी दश्शी. रंगाला रंग द्यायचा, हुकूम नाही, जास्त हात करील तो जिंकला.

बत्तीस पानं एका हातात मावत नाहीत, तेव्हा निम्मी मांडीवर उपडी ठेवा. मात्र ठिपक्याची वेगळी काढून ठेवू नका. तुमच्याकडे ती किती उरलीत हे समोरच्याला आयतं कळतं.

पहिल्या डावात गडबड होते ती बहुधा ठिपक्याच्या दुर्रीवर. हलकं पान म्हणून ती टाकून दिली जाते, आणि राजा, राणी, एक्का आधीच उतरून गेलेले असतात. म्हणजे त्या रंगात आता तिच्यावर कुणीच नसतं. गेलेली पानं लक्षात ठेवायची ती यासाठी. नमस्कार.