लाल विंचवाचं विष आणि महाडचं संशोधन

कोकणात भातकापणीच्या दिवसांत पेंढ्याच्या उडवीत, जांभ्या चिऱ्यांच्या गडग्यात किंवा परसातल्या लाकडांच्या राशीत हात घातला, की कधी कधी नांगी बसते. हा लालसर, बारीक नांग्यांचा विंचू जेमतेम बोटाएवढा आहे. पण त्याच्या विषाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांतली लहान मुलं दगावली आहेत.

डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या दंशावर खात्रीचा उपाय उपलब्ध नव्हता. लोक आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जात, आणि दवाखान्यात आलेल्या रुग्णाला वेदनाशामक, स्टेरॉइड किंवा अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन दिलं जाई. तरीही रुग्ण दगावत. बावसकरांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची लक्षणं लिहून ठेवली, आणि पुढचं सगळं संशोधन त्या नोंदींवर उभं राहिलं, हे आवर्जून सांगितलं पाहिजे.

त्या नोंदींत एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसत होता. आधी उलट्या होतात, अंगाला दरदरून घाम सुटतो आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तदाब चढतो, आणि काही तासांनी रुग्णाला धाप लागून तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. म्हणजे मृत्यू दंशाच्या वेदनेने येत नव्हता, तो हृदय आणि फुफ्फुसांच्या वाटेने येत होता. विषातले घटक चेतातंतूंवरच्या, सोडियम आणि पोटॅशियम आत-बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांचं काम बिघडवतात, त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तात प्रचंड प्रमाणात सुटतात. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच्या अल्फा ग्राहकांना, म्हणजे त्यांचा संदेश स्वीकारणाऱ्या जागांना, उद्दीपित करतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाला त्या आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलताना थकवा येतो आणि फुफ्फुसांत पाणी साचतं.

एवढं उमगल्यावर उपाय कुठे शोधायचा, ते स्पष्ट झालं. अल्फा ग्राहकच अडवायचे, आणि ते काम करणारं प्राझोसीन नावाचं रक्तदाबाचं औषध तेव्हा बाजारात होतंच. त्याची स्वस्त गोळी तोंडाने देता येते, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी नसलेली कोणतीही यंत्रं तिला लागत नाहीत. 1986 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बावसकरांनी या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंभीर दंशातला मृत्यूदर पूर्वी 30 ते 40 टक्क्यांच्या घरात होता. या उपचारानंतर तो एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरला.

गोळी दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवतात, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुढचा डोस देतात. बरं होऊ लागलेल्या रुग्णात एक चमत्कारिक गोष्ट दिसते: हातपायांत ऊब परतली, की दंशाची जागा ठणकू लागते. आई-वडील त्या दुखण्याने घाबरतात, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ते शुभलक्षण असतं.

पुढे प्रतिविषही मिळू लागलं. महाडमध्येच झालेल्या आणि 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या चाचणीत 70 रुग्णांचे दोन समान गट केले होते. दहा तासांत लक्षणं पूर्ण ओसरलेले रुग्ण नुसत्या प्राझोसीनच्या गटात 8 होते, तर प्रतिविषासह प्राझोसीन दिलेल्या गटात 32. डॉ. बावसकर यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता खरा प्रश्न वेळेचा आहे. गोळी जितकी लवकर पोटात जाईल, तितकं हृदय सुरक्षित राहतं. फुफ्फुसांत पाणी भरल्यावर मात्र ऑक्सिजन आणि शिरेतून द्यायची औषधं लागतात, आणि डोंगरातल्या वाडीवरून त्या सोयी असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. म्हणून नांगी बसल्यावर रुग्णाला घाम सुटला, उलटी झाली किंवा हात गार लागले, तर उतारा करण्यात तास न घालवता त्याला थेट जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावं, आणि त्या केंद्राच्या कपाटात प्राझोसीनची पट्टी बाराही महिने असावी.